धन्याचं नाव

शके १७८६, रक्ताक्षी संवत्सर. कार्तिक वद्य पंचमी. अमरावती.

ही वही मुद्दाम विकत घेतली. बापूसाहेब वकील परवा म्हणाले, "पंत, जन्मभर लोकांचे अर्ज लिहून बोटं काळी केलीत. उद्या वकिलीची सनद मागायला गेलात तर साहेबापुढे काय ठेवणार, शाईचे डाग?" बोलणं झोंबलं, पण खरं होतं. पंधरा वर्षं मी कचेरीच्या पायरीशी बसून दुसऱ्यांची रडगाणी सुबक अक्षरात उतरवतो आहे. सनदवाला आत जाऊन बोलतो, अर्जनवीस बाहेर माश्या मारतो. आता एक दावा असा आला आहे की जिंकलो तर साहेब माझं नाव विसरणार नाही. त्याची टिपणं या वहीत राहतील.

बाई गोदाबाई. कुणबीण, वय चाळिशीच्या आतबाहेर, पूर्णेपलीकडच्या गावची, म्हणून कचेरी अकोल्याची. दर्यापुराहून कापसाच्या गाडीवर बसून आली, चौदा वर्षांची लेक दुर्गी बरोबर. श्रावणात पटकीची साथ आली त्यात खुशालराव पाटील गेला. एकोणीस वर्षं ही त्याच्या घरात. आता धाकटा दीर महादेवराव म्हणतो, ही बायको नव्हेच, ठेवलेली. घरातून नीघ, वावरातून नीघ. दुर्गीची सोयरीक नांदगाव पेठेला ठरली आहे. आई ठेवलेली ठरली तर पोरीची जात कोणती, असं ते लोक विचारू लागले आहेत.

मी विचारलं, "बाई, एकोणीस वर्षं हा दीर काय झोपला होता?"

ती म्हणाली, "वावरात ज्वारी होती तवा मी वयनी होती, पंतजी. आता कापसाले सोन्याचा भाव आला, अन् मी ठेवलेली झाली."

असं एक वाक्य मला वर्षभरात सुचत नाही. दावा घेतला. मुखत्यारनाम्यावर तिचा अंगठा उठवला. आत मीच उभा राहणार.

कार्तिक वद्य अष्टमी.

पुराव्याचा शिमगा आहे. हिचं लग्न पाटाचं. कुणब्यांत विधवेला दुसरा नवरा करायचा तर पाट लावतात. वाजंत्री नाही, मांडव नाही, दिवेलागणीनंतर मागल्या दारी उरकायचं, आणि सुवासिनींनी त्या वेळी नवरीचं तोंड पाहायचं नाही. ज्या लग्नाकडे कोणी बघूच नये अशी रीत, त्याला डोळ्यांनी पाहिलेले साक्षीदार आणा म्हणतो महादेवराव! पाट लावणारा जोशी मेला. कुंकू लावणारी म्हातारी मेली. उरला महादेवराव स्वतः. तो त्या दिवशी ओसरीत बसून गुळाचा खडा खात होता, असं गोदाबाई शपथेवर सांगते.

म्हणून मी दाव्याची मांडणीच वेगळी केली. पाट कोणी पाहिला हे सोडून द्या, संसार सगळ्यांनी पाहिला. जेवणानंतर अर्ज मोठ्यानं वाचून काढला: "सदरहू बाई एकोणीस वर्षे एका छपराखाली राहिली, एका चुलीवर रांधले, मयताच्या दुखण्यात एकवीस दिवस उशाशी बसून कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, आपला घास त्याच्या मागे घेतला. हे जी करते तिला जगात बायको म्हणतात, दुसरे नाव नाही." पटकीत माणूस एकवीस दिवस टिकत नाही, तेवढं मागून खोडलं. पण ओल्या पट्ट्यांचं वाक्य कुठून सुचलं कोण जाणे, झकास उतरलं.

सिंधू दारात उभी राहून ऐकत होती. सिंधू म्हणजे माझ्याकडे स्वयंपाकाला आहे ती. माझी बायको गेली त्या वर्षी आली, अकरा वर्षं झाली. बालविधवा. दुसरं कोणी नाही घरात.

म्हणाली, "पुन्हा एकदा वाचायचं होईल का इकडून?"

पुन्हा वाचलं. ऐकणारा असला की वाचायला हुरूप येतो.

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी.

आता खरी अडचण लिहितो. अकोल्याचा साहेब शिस्तीचा. फिर्यादीनं शपथ घेऊन आपलं नाव, नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मागल्या साली माझीच एक अशील होती, बाळापूरकडची. साहेबानं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? ती गप्प. पुन्हा विचारलं. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरते आहे. साहेबानं लेखणी उचलून लिहिलं, "फिर्यादीस माहीत नाही." झालं! ज्याच्याशी तीस वर्षं संसार केला त्याचं नाव तिला माहीत नाही. दावा खारीज. मी पायरीवर बसून कपाळ बडवून घेतलं.

ती चूक पुन्हा नाही. गोदाबाईला सांगितलं, नाव घ्यावं लागेल. ती अशी दचकली जशी मी तिला चोरी करायला सांगतो आहे.

"नाव घेतलं का मानसाचं आयुष्य तुटते, पंतजी."

"अहो, तो गेला. आता काय तुटायचं राहिलंय?"

"मेला म्हनून काय झालं? धनी तं माहाच हाये."

पालथ्या घड्यावर पाणी. मायलेकींना मागच्या गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवून घेतलं आहे. रोज सकाळी पूजा आटोपली की अंगणात शिकवणी. नाव म्हणायला शिकवायचं! माझ्या बापानं मला अमरकोश पाठ करून घेतला तेव्हाही एवढा त्रास झाला नसेल त्याला.

मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी.

नाही म्हणाली.

मार्गशीर्ष शुद्ध एकादशी.

आज "खु" पर्यंत आली आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी ओरडलो. "उद्या पोरीला घेऊन रस्त्यावर बसशील तेव्हा हा पदर चघळ!" दुर्गी रडायला लागली. गोदाबाई रडली नाही. ती रडत नाही हीच पंचाईत आहे. रडणारी बाई साहेबाला लवकर कळते.

दुपारी गोदाबाई ओटा सारवायला आत आली. मी जेवून उठलो होतो आणि सिंधू माझ्याच पानावर वाढून घेत होती, तिची सवयच आहे ती. गोदाबाईनं ते पाहिलं. बाहेर येऊन मला विचारते, "या कोन तुमच्या?"

"स्वयंपाकीण," मी म्हणालो.

"बरं," म्हणाली. "मले वाटलं, मालकीन हाये." आणि सारवत बसली. या लोकांना आतबाहेर काही समजत नाही. बरं झालं ओसरीत दुसरं कोणी नव्हतं.

संध्याकाळी सिंधू म्हणाली, "त्या बाईला नका ना बोलायला लावू. लेक आहे बरोबर. लेकीला सांगू दे बापाचं नाव. लेकीनं घेतलेलं चालतं."

मी म्हणालो, "कचेरीचे कायदे आता चुलीपुढे ठरणार का? साहेबाला फिर्यादीच्या तोंडून हवं असतं."

"एकदा विचारून तर पाहायचं."

"तुला काय कळतं त्यातलं?"

ती आत गेली. मग बऱ्याच वेळानं मीठ द्यायला आली आणि म्हणाली, "सरकारनं विधवेच्या लग्नाचा कायदा केलाय म्हणतात. आपल्यातसुद्धा चालतं म्हणे."

मी समजावून सांगितलं. तो कायदा कंपनीच्या मुलखात झाला. वऱ्हाड नावाचं निजामाचं, कारभार साहेबाचा. इथे तो लागतो की नाही, हे साहेबालाही धड ठाऊक नसेल. आणि लागला तरी ब्राह्मणानं विधवेशी लग्न लावलं तर उद्या त्याच्या हातचा अर्ज कोण घेईल? वाळीत पडेल. "आणि ज्या बाईचा पाटही नाही, काहीच नाही, ती कोण?" तिनं विचारलं.

"कायद्यानं?" मी म्हणालो. "कायद्यानं ती ठेवलेली. गोदाबाईचं बरं आहे, तिच्या जातीत पाट तरी आहे."

बापूसाहेबांनी हे उत्तर ऐकायला हवं होतं. मुद्दा थोडक्यात आणि चोख.

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी.

म्हणाली! आज सकाळी, कडुनिंबाकडे तोंड करून, डोळे मिटून. "खुशाल." मग मी डोळे उघडायला लावले. मग सबंध नाव: खुशाल भगवंत पाटील. मग मान वर करून. मग अडखळल्याशिवाय, कारण माणूस अडखळला की साहेब त्याला खोटं समजतो. तेरा वेळा म्हणून घेतलं. शेवटी अशी खणखणीत म्हणाली की शेजारच्या अंगणातले कावळे उडाले. मी खूश होऊन म्हणालो, "वा, बाई!"

ती न्हाणीत जाऊन ओकली. दिवसभर जेवली नाही. सिंधू तिच्याजवळ बसून होती.

सिंधूचे उपास हल्ली फार वाढले आहेत. माझ्या पानावर जेवत नाही, वेगळं केळीचं पान घेते. विचारलं तर म्हणते, नेम आहे. कसला नेम, ते सांगत नाही. बायकांच्या नेमांचं काय, आज आहे उद्या नाही.

पौष शुद्ध द्वितीया. अकोला.

बैलांच्या दमणीतून तीन दिवस हाडं खिळखिळी झाली. मूर्तिजापुरापुढे आगगाडीच्या रस्त्याचा भराव चालला आहे. रस्ताभर कापसाच्या गाड्या, बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या. कुणब्याच्या गळ्यात गोफ दिसतो आणि ब्राह्मणाच्या पायात वहाण फाटलेली. असो.

मोर्णेच्या काठी धर्मशाळेत उतरलो. साहेबानं जातीची रीत विचारायला तीन पंच बोलावले आहेत. त्यांतला मोठा पंजाबराव, सत्तरीचा, शेजारच्या गावचा. महादेवरावानं त्याच्याकडे तुपाचा डबा पाठवला होता, तो त्यानं तसाच परत लावून दिला. असा माणूस सापडणं म्हणजे भाग्य. मी जाऊन भेटलो.

तो म्हणाला, "पाट मी पायला नाही, पंत. खोटं सांगनार नाही. पन ते बाई खुशालरावाच्या घरची होती, हे साऱ्या मुलखाले ठावं हाये. पंगतीत मानानं बसे. हळदीकुंकवाले बोलावत. साहेबानं पुसलं तं मी तेच सांगीन. तिचं वागनंच सांगते ना बाप्पा, का ते बायको हाये म्हनून."

आणखी काय पाहिजे? गोदाबाईला निरोप सांगितला. म्हटलं, तू फक्त नाव नीट घे, बाकी पंजाबराव बघतो. तिनं मान हलवली.

पौष शुद्ध तृतीया.

जे झालं ते झालं तसं लिहितो.

कचेरी गच्च भरली होती. दाराशी गोदाबाईच्या गावच्या दहाबारा बाया. दुर्गीला बाहेर ओट्यावर बसवली होती. महादेवराव नवा जरीचा रुमाल बांधून आला होता. मी अर्ज वाचला. उभ्या आयुष्यात असं वाचलं नसेल. ओल्या पट्ट्यांच्या वाक्याला साहेबानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मग सिरस्तेदारानं गोदाबाईला शपथ दिली. "नवऱ्याचं नाव?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळ्यांनी खूण केली. तिनं पदर खांद्यावर घेतला, मान वर केली, आणि शिकवलं होतं तसं, अडखळल्याशिवाय, साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं म्हणाली, "खुशाल भगवंत पाटील."

दाराशी बायांनी पदर तोंडावर घेतले. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अवो माय!" मला वाटलं, कौतुकानं म्हणाली. साहेबानं नाव लिहून घेतलं. मी मनात म्हणालो, जिंकलो.

मग साहेबानं पंजाबरावाला विचारलं, "तुमच्या जातीत या बाईला मयताची बायको मानत होते का?"

म्हातारा उभा राहिला. जमिनीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, काल इचारलं असतं तं हो म्हनलो असतो. पन आता तुमच्या समोर, माह्या समोर तिनं त्याचं नाव घेतलं. साऱ्या गावात घेतलं. लगनाची बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. पाटाचीबी घेत नाही. जीव गेला तरी घेत नाही. असं नाव कोन घेते, का जिचं त्याच्याशी काही नाही ते. म्या इतके दिवस चुकीचंच समजलो म्हनलं पायजे."

साहेबानं दुसऱ्या दोघांकडे पाहिलं. त्यांनी माना डोलावल्या.

मी उठून म्हणालो, "हुजूर, कचेरीचा नियम आहे म्हणून..." साहेबानं हातानं बसवलं. महादेवरावाच्या तोंडावर असं आश्चर्य होतं, की त्यालाही कळेना आपण कसे जिंकलो.

पौष शुद्ध चतुर्थी.

निकाल. पाट शाबीत नाही. जातीच्या पंचांच्या मते फिर्यादीचं वर्तन विवाहित स्त्रीचं नाही. घर आणि वावर महादेवरावाकडे. दुर्गीला लग्न होईपर्यंत पोटगी द्यावी, अशी साहेबानं शिफारस केली. महादेवराव शिफारशीला काय करतो ते दिसतंच आहे.

बाहेर सिरस्तेदार भेटला. पान लावता लावता म्हणाला, "पंत, पोरगी बाहेर ओट्यावर होती ना? तिच्या तोंडून बापाचं नाव का नाही वदवलंत? मागल्या सालच्या त्या बाईच्या प्रकरणात साहेबाला वरून ठपका आला. हल्ली लेकरानं, भावानं, कोणीही नाव सांगितलं तरी घेतात. विचारायचं तरी."

हात दाखवून अवलक्षण! पण हे मला अमरावतीला बसून कसं कळणार? कोणी कळवायला नको? आणि बाईनं तरी जरा हळू म्हणायचं होतं. एवढं खणखणीत कशाला? मी अडखळू नको म्हणालो होतो, दवंडी पीट नव्हतो म्हणालो.

हे सिंधूला सांगणार नाही.

पौष शुद्ध अष्टमी. अमरावती.

परतीच्या वाटेवर तीन दिवस गोदाबाई दमणीत पाठमोरी बसून होती. राजापेठेत घरासमोर दमणी थांबली. तिनं उतरून माझे पाय धरले नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. मी वाट बघत होतो कशाची तरी.

म्हणाली, "पंतजी, वावर गेलं, जाऊ द्या. ते बी त्याचंच होतं. पोरीचं नशीब पोरीपाशी. पन एकोनीस वर्सं मी त्याले 'दुर्गीचा बाप' म्हनलं. मराच्या वक्ती बी त्यानं हात धरला तवा नाव नाही आलं तोंडात. अन् तुमी तेरा डाव म्हनून घेतलं. मी मोजलं. आता वर भेट झाली अन् त्यानं पुसलं, काहून वं, कोन होतीस तू माही, तं काय सांगू त्याले?"

मी म्हणालो, "अपील करता येतं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पोटात दुखणाऱ्याला पंचांग वाचून दाखवतो आहे. गाठोडं उचललं आणि लेकीला घेऊन गेली. सिंधू तिच्यामागे वेशीपर्यंत गेली. पायात काही न घालता.

माघ शुद्ध दशमी.

नांदगाव पेठेहून सोयरीक मोडल्याचं कळलं. मायलेकी तिकडेच कोणाच्या वावरात मजुरीनं कापूस वेचायला लागल्या आहेत. जिथे पोर सून म्हणून जायची, तिथे वेचणीला. देवाला तरी काही लाजलज्जा?

बापूसाहेबांनी सनदेचा विषय पुन्हा काढला नाही.

फाल्गुन शुद्ध द्वादशी.

कापूस उतरायला लागला म्हणतात. अमेरिकेतली लढाई मिटणार, असं काहीतरी आहे. बाजारात गोफवाल्यांची तोंडं उतरली आहेत. महादेवरावानं त्या वावरातला सारा कापूस भाव आणखी चढेल म्हणून भरून ठेवला आहे, हे ऐकून जरा बरं वाटलं. खोटं का लिहा.

आज जेवताना सिंधूनं विचारलं, "इकडून त्या अर्जात लिहिलं होतं ना? एका चुलीवर रांधलं, दुखण्यात उशाशी बसली, ओल्या पट्ट्या ठेवल्या. हे जी करते ती बायको. दुसरं नाव नाही. ते खरं होतं, का नुसतं लिहिलं होतं?"

मी म्हणालो, "अर्जाची भाषा ती. अर्जात सगळंच खरं असतं."

"हं," म्हणाली. ताक वाढलं. मग म्हणाली, "तीन वर्षांमागं इकडं विषमज्वर झाला होता, तो एकवीस दिवसांचा होता."

"हो, बरा आठवतो," मी म्हणालो. कशावरून काय आठवेल बायकांना! ताक आंबट होतं, तेही बोललो नाही.

शके १७८७, क्रोधन संवत्सर. चैत्र शुद्ध प्रतिपदा.

गुढी उभारली. ओसरीत बापूसाहेब, दोघे शेजारी, कोतवालीतले वामनराव. कडुनिंबाची चटणी वाटून झाली होती, पंचांग वाचायचं होतं. वर्षाचं नावच क्रोधन, त्यावर बापूसाहेब काही थट्टा करत होते. सिंधू आतून आली. हातात लहानसं गाठोडं. पदर डोक्यावरून नीट घेतलेला. अकरा वर्षांत ती चारचौघांत कधी ओसरीत आली नव्हती.

ती माझ्यासमोर उभी राहिली, मान वर केली, आणि अडखळल्याशिवाय म्हणाली, "गोपाळकृष्ण, किल्ल्या देवघरातल्या कोनाड्यात ठेवल्या आहेत."

माझं नाव. आई गेल्यापासून असं नुसतं कोणी घेतलं नव्हतं. तिनं तर कधीच नाही. "अहो" नाही, "इकडे" नाही. नाव.

आणि पायऱ्या उतरून गेली.

वामनराव हसले. बापूसाहेब म्हणाले, "काय हो पंत, तुमची स्वयंपाकीण भलतीच धीट! मालकाला नावानं हाक मारते? कोणी शिकवलं हिला?"

मी पंचांग उघडलं आणि वर्षफल वाचायला लागलो. पाऊस किती, धान्य किती, राजा कोण, मंत्री कोण. सगळं वाचलं. तिथल्या एकालाही कळलं नाही काय झालं ते. मला कळलं. पंजाबरावाला कळलं असतं.

चैत्र शुद्ध तृतीया.

आली नाही. शेजारीपाजारी विचारतात, स्वयंपाकीण कुठे गेली, दुसरी बघू का? म्हटलं, बघा. दुसरी काय करणार, पोळ्या.

माझ्या पानावर काल मीच पाणी फिरवलं आणि उचललं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

चैत्र शुद्ध पंचमी.

नांदगाव पेठेला जाऊन आलो. वाटलं, गोदाबाईकडे असेल. गोदाबाई वेचलेल्या कापसाच्या ढिगाशी बसली होती. म्हणाली, "आल्या होत्या. एक दिस राह्यल्या. गेल्या."

"कुठे?"

"नाही सांगतलं. मीबी नाही पुसलं."

मी उन्हात उभा. तिनं दुर्गीला पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्यालो. ती म्हणाली, "तुमी एवढ्या दूर आले पायी. कोन होत्या त्या तुमच्या, पंतजी?"

तिचा आवाज वाईट नव्हता, टोचायला म्हणून विचारलं नव्हतं. मी लोटा खाली ठेवला आणि परत निघालो. वाटेत एकदा रस्त्याकडेला बसून रडलो. मेलो असतो त्या विषमज्वरात तर फार बरं झालं असतं. उशाशी कोणीतरी असताना मेलो असतो.

चैत्र शुद्ध नवमी.

शेवटी कोतवालीत गेलो. बेपत्ता माणसांची वही वामनरावांकडे असते. अर्ज मीच लिहिणार होतो, असे शंभर लिहिले असतील, पण "सदरहू बाई" इतकं लिहून हात थांबला. म्हणून तोंडी सांगायला बसलो.

वामनराव ओळखीचे, पण वही पुढे आली की माणूस वहीचा होतो.

"नाव?"

"सिंधू."

"बापाचं नाव?"

अकरा वर्षांत मी विचारलं नव्हतं. "माहीत नाही."

"गाव?"

एका कीर्तनकाराच्या बिऱ्हाडाबरोबर आली होती. ते कुठले, तेही मला माहीत नव्हतं. "माहीत नाही."

"बरं. कोणाची? म्हणजे, अर्जदाराशी नातं काय?" वामनरावांनी वर न बघता विचारलं. "लिहू का स्वयंपाकीण? पण पंत, स्वयंपाकिणीसाठी कोणी शिपाई धाडत नाही. नोकर माणूस, गेलं. जवळचं कोणी असेल तर वेगळी गोष्ट. कोण होती?"

एकच शब्द सांगायचा होता. साधा शब्द, दुसऱ्याच्या अर्जात मी तो दहा वेळा लिहिला होता. मागच्या बाकावर दोन शेजारी बसले होते. बाहेर ओळखीचे अशील होते. वामनराव लेखणी धरून थांबले. पुन्हा म्हणाले, "पंत? नातं काय?"

मी खाली बघत होतो. माझ्या पायाचा अंगठा फरशीवर फिरत होता.

वामनरावांनी दौतीत लेखणी बुडवली आणि त्या रकान्यात लिहिलं, "अर्जदारास माहीत नाही."

वही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली.